ट्रॉलीच्या पाट्यांचे ब्रॅकेट : बोल्टचे की वेल्डिंगचे?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, खोडवा याविषयी लिहावे, ट्रॉलीच्या पाट्यांत कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण ऊस तोडल्यापासून वजनकाट्यावर येईपर्यंत तो ट्रॉलीच्याच भरवशावर असतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, हे आम्ही दरवर्षी सांगतो. ट्रॉली वाटेत बसली की ऊस वाळतो. वजन तुमचे घटते, उतारा सगळ्यांचा.

गेल्या हंगामात वावीच्या अलीकडे एका सभासदाची भरलेली ट्रॉली अशीच कलंडता कलंडता राहिली. मागचे ब्रॅकेट चेसिसपासून सुटले होते. मी वाकून पाहिले तर वेल्डिंगचा टाका शाबूत, आणि टाक्याच्या कडेकडेने चॅनलच फाटलेला! त्याच जागी पूर्वी तीन वेळा वेल्डिंग झाले होते, असे ड्रायव्हरने सांगितले. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरेपर्यंत दुसरा दिवस मावळला.

हे का होते ते समजून घेऊ. पाट्याचे पुढचे टोक पिनने ब्रॅकेटमध्ये पक्के असते. मागचे टोक शॅकलवर किंवा सरकते असते, कारण ओझ्याने पाटा सपाट होताना लांबतो. म्हणजे पुढच्या ब्रॅकेटवर नुसते वजन नाही, तर ट्रॅक्टरची ओढ आणि खड्ड्यांचे हिसके हे सारे येते. (बैलाच्या टायरगाडीला पाटेच नसतात, त्यामुळे ती मंडळी या लेखातून सुटली.)

वेल्डिंगचे ब्रॅकेट स्वस्त, झटपट होते आणि ढिले पडत नाही. पण टाक्याच्या कडेचे लोखंड तापून निवते, तेव्हा त्याचा मूळ गुण बदलतो आणि तेथेच ताण साठतो. रोजच्या हिसक्यांनी तडा तेथून सुरू होतो. पुन्हा पुन्हा त्याच जागी वेल्डिंग केले की दुखणे वाढत जाते. म्हणून टाका चॅनलच्या लांबीच्या दिशेने घ्यावा, खालच्या आडव्या पट्टीवर आडवा कधीच घेऊ नये. रंग व गंज ग्राइंडरने काढून, कोरड्या रॉडने काम करावे. ओल धरलेला रॉड टाक्यात तडे आणतो. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावावा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन त्याची वाट लागते. आणि पाटे ओल्या गोणपाटाने झाका. पाट्याचे पोलाद पाणी दिलेले असते, त्यावर वेल्डिंगची एक ठिणगी चिकटली तरी तेथून पाटा तुटू शकतो. ब्रॅकेट बिडाचे असेल तर वेल्डिंगचा विचारच सोडा, ते बोल्टनेच बसवायचे.

आता बोल्ट. येथे आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे. बोल्टने ब्रॅकेट लटकवून धरायचे नसते, ते चॅनलवर आवळून धरायचे असते. आवळ पक्की असेल तर दोन लोखंडांतले घर्षणच भार घेते. आवळ सुटली की बोल्ट भोकात हलतो, भोक लांबट होते, आणि मग कितीही आवळा, ते पुन्हा ढिले पडणार. दुकानात मागताना "जाड द्या" एवढे म्हणू नका, डोक्यावर ८.८ असा आकडा पाहा. त्यातला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सहन करणारे पोलाद. साध्या ४.६ च्या बोल्टची ताकद त्याच्या निम्मी. दोघे दिसायला सारखेच!

भोक ड्रिलनेच पाडावे, गॅसने जाळून नव्हे, आणि तेही चॅनलच्या उभ्या भिंतीत. खालच्या पट्टीत भोक पाडले की ज्या जागेवर सर्वांत जास्त ताण, तीच जागा आपण कमजोर करतो. पहिली भरलेली खेप झाली की पाना लावावा, आठवड्याने पुन्हा लावावा. मधला रंग दबतो, म्हणून पहिली आवळ टिकत नाही.

माझे मत विचाराल तर पुढचे ब्रॅकेट बोल्टचे असावे. शेतातच, विजेशिवाय, दोन पान्यांनी ते बदलता येते. पण पाना हातात घेण्याची सवय नसेल, तर ढिल्या बोल्टपेक्षा नीट केलेले वेल्डिंग बरे, हेही खरे. मात्र बोल्ट लावून वर "मजबुतीसाठी" चार टाके मारण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती बंद करा. उष्णतेने ८.८ चा गुण जातो आणि आवळही सुटते. चॅनलच गंजून पातळ झाला असेल, तर आधी चॅनल बदला, मग या वादात पडा.

कोणतेही ब्रॅकेट बसवताना हुकाच्या पिनपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी किंवा टेप लावून अंतर सारखे भरते का ते पाहा. फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालते आणि टायर खाते. वेल्डरला आधी दोन-दोन टॅक मारायला सांगून हे माप घ्यावे, कारण पूर्ण टाका झाल्यावर चूक ग्राइंडरनेच निघते.

ही तपासणी गळीत हंगामापूर्वी, ट्रॉली रिकामी असताना आणि रंग देण्याआधी करा. तडा असला तर तेथून गंजाची बारीक तांबडी रेघ उतरलेली दिसते. वरून नवा रंग मारला की ती झाकली जाते आणि भरल्या ट्रॉलीखालीच पुन्हा उघडी पडते.

— ऊस विकास अधिकारी