जिल्हा बदलला, जमात बदलली का?

आज मी रामनगरहून बोलतोय. काशीला आलेला मराठी यात्रेकरू गंगा ओलांडून इथला किल्ला पाहतो आणि परततो. पण हाच रस्ता पुढे दक्षिणेला चकिया आणि नौगढच्या डोंगराळ जंगलात जातो. तिथे गोंड, खरवार, कोल राहतात. त्यांतल्या गोंडांची गोष्ट आज सांगायची आहे.

चकिया पूर्वी बनारस संस्थानात होते आणि रामनगर ही त्या संस्थानाची राजधानी. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि चकिया वाराणसी जिल्ह्यात आले. १९९४ मध्ये वाराणसीतून भदोही आणि १९९७ मध्ये चंदौली जिल्हा वेगळा निघाला. चकिया, नौगढ चंदौलीत गेले. फौजेत असताना आयुष्यभर नकाशे वाचले, म्हणून सांगतो, रेघ कागदावर सरकली, माणसे होती तिथेच राहिली.

उत्तर प्रदेशात गोंड अनुसूचित जातींच्या यादीत होते. २००३ च्या कायद्याने काही जिल्ह्यांतल्या गोंडांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. यादीत वाराणसी, मिर्झापूर, सोनभद्र होते. चंदौली आणि भदोही नव्हते. म्हणजे सोनभद्रचा गोंड आदिवासी, आणि शेजारच्या नौगढमधला त्याचा सोयरा कागदोपत्री आदिवासी नाही!

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने काय बिघडते? २००६ चा वनहक्क कायदा पाहा. अनुसूचित जमातीच्या वननिवासी माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. इतरांना त्याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. रानात राहणाऱ्याने इतका जुना पुरावा आणायचा कुठून?

डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. चंदौली, भदोही, कुशीनगर आणि संत कबीर नगर या चार जिल्ह्यांतल्या गोंडांना जमातीचा दर्जा मिळाला. मध्ये एकोणीस वर्षे गेली. २००३ मध्ये जन्मलेले पोर तोवर मतदार झाले होते.

आपल्याकडेही हे घडले आहे. विदर्भात गोंडांना हा दर्जा पूर्वी ठरावीक तालुक्यांपुरताच होता. ते क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले. पण दर्जा मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आधी ग्रामसभा बांधली, एकमताने निर्णय घ्यायची सवय लावली. म्हणून २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाल्यावर तो हक्क वापरायला गाव तयार होते.

विकास म्हटले की आपण रस्ता, शाळा, दवाखाना मोजतो. मोजायलाच हवेत. पण त्याआधी दोन गोष्टी विचारा. यादीत माणसाचे नाव त्याच्या जिल्ह्यासह आहे का? आणि गावाची ग्रामसभा खरोखर बसते का? पहिली गोष्ट दिल्लीच्या हातात आहे, दुसरी गावाच्या. पहिलीची वाट पाहत दुसरी थांबवू नका.

जय हिंद!