प्रकल्पग्रस्तांचा नोकरीतील अग्रक्रम व सार्वभौम उन्मुक्ती

धरण, रस्ता, औद्योगिक वसाहत इ. प्रकल्पांसाठी ज्यांची जमीन वा घर सक्तीने संपादन करण्यात आले, त्यांना अथवा त्यांच्या वारसांना नोकरभरतीत इतरांच्या आधी संधी देण्याच्या तत्त्वास नोकरीतील अग्रक्रम म्हणतात. सार्वभौम सत्तेविरुद्ध तिच्या संमतीवाचून न्यायालयात दावा चालू शकत नाही, या तत्त्वास सार्वभौम उन्मुक्ती अशी संज्ञा आहे. वरवर पाहता ही दोन तत्त्वे परस्परांपासून दूरची वाटतात. तथापि जमीन घेणारी व नोकरीचे आश्वासन देणारी सत्ता पुष्कळदा एकच असते. आश्वासन पाळले न गेल्यास तिला जाब विचारता येतो काय आणि विचारल्यास काय पदरात पडते, यावर अग्रक्रमाचे खरे मोल अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात गेल्या शंभराहून अधिक वर्षांत खाजगी कंपनी, राज्य शासन व औद्योगिक विकास महामंडळ यांच्या प्रकल्पांसाठी जमिनी गेल्या. त्यामुळे या प्रश्नाचे सर्व टप्पे तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

मावळातील पूर्वपीठिका : सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पाऊस आणि पश्चिमेस कोकणाकडे तुटलेला कडा या दोन गोष्टींमुळे मावळ जलविद्युत्‌निर्मितीस अनुकूल ठरला. टाटा जलविद्युत् कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवटा येथे तलाव बांधून त्यांचे पाणी घाटाखाली नेले व १९१५ मध्ये खोपोली येथील वीजकेंद्र सुरू केले. पुढे आंद्रा नदीवरील ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये चालू झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. बुडाली ती खोऱ्यांतील भातखाचरे. लगतच्या मुळशी खोऱ्यात याच प्रकारच्या धरणास शेतकऱ्यांनी सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली विरोध केला. हा मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) धरणग्रस्तांच्या भारतातील आद्य संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो. १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमान्वये सरकार कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत असे. खातेदाराचा हक्क मोबदल्यापुरता मर्यादित होता. पर्यायी जमीन वा नोकरी देण्याचे बंधन त्या अधिनियमात नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात पवना नदीवर धरण झाले व त्याचे पाणी प्रामुख्याने पिंपरी-चिंचवडच्या नागरी व औद्योगिक वस्तीस मिळू लागले. तळेगाव दाभाडे परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही याच तालुक्यातून जातो. प्रत्येक प्रकल्पाबरोबर ‘घरटी एक नोकरी’ ही मागणी पुढे आली.

भारतातील सार्वभौम उन्मुक्ती : राजा अपराध करीत नाही, या इंग्लंडमधील जुन्या कल्पनेतून हे तत्त्व आले. भारतात त्याला वेगळे वळण लागले, कारण येथे प्रथम सत्ता गाजविली ती एका व्यापारी कंपनीने. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६१ मध्ये पी. अँड ओ. जहाज कंपनीच्या खटल्यात असा भेद केला, की व्यापारासारख्या कृत्यांबद्दल सरकार जबाबदार राहील. परंतु जी कृत्ये केवळ सार्वभौम सत्ताच करू शकते त्यांबद्दल राहणार नाही. भारतीय संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदाने शासनाच्या दायित्वाची ही पूर्वस्थिती, विधिमंडळाने अन्यथा ठरवीपर्यंत, चालू ठेवली.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या विद्यावती खटल्यात सरकारी जीपच्या अपघाताबद्दल राजस्थान राज्यास जबाबदार धरले. कस्तुरीलाल खटल्यात मात्र (१९६५) मीरत येथील पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने लांबविले असताही उत्तर प्रदेश राज्य भरपाईतून सुटले. कारण जप्ती हे सार्वभौम कृत्य ठरले. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्याच निर्णयात या बाबतीत कायदा करण्याची निकड व्यक्त केली होती. विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात (१९५६) तशी शिफारस केली होती. त्यानुसार मांडलेली विधेयके व्यपगत झाली आणि असा अधिनियम अद्याप झालेला नाही. न्यायालयांनीच मग उन्मुक्तीचे क्षेत्र आकुंचित केले. रुदुल शाह (१९८३) व नीलाबती बेहेरा (१९९३) या खटल्यांत मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल उन्मुक्तीचा बचाव बाजूस सारून भरपाई देण्यात आली, तर नागेंद्र राव खटल्यात (१९९४) कल्याणकारी राज्यात सार्वभौम व असार्वभौम कृत्यांचा जुना भेद बव्हंशी गैरलागू झाल्याचे न्यायालयाने सांगितले.

मावळात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. कस्तुरीलाल निर्णयाचा शब्दशः अन्वय लावल्यास पोलिसांचे कृत्य सार्वभौम ठरून दिवाणी दाव्याची वाट अडते. १९८३ नंतरच्या निर्णयांमुळे मात्र अशा प्रसंगी उच्च न्यायालयापुढे संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली भरपाई मागण्याचा मार्ग उपलब्ध आहे.

अग्रक्रमाचे स्वरूप : महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी १९७६, १९८६ व १९९९ असे तीन अधिनियम केले. शासकीय व निमशासकीय सेवेतील खालच्या दोन वर्गांत प्रकल्पग्रस्तांना अग्रक्रम देण्याचे धोरण १९८० पासून शासननिर्णयांद्वारे राबविण्यात आले. त्याचे प्रमाण पाच टक्के आहे. जिल्हा पुनर्वसन यंत्रणेकडून प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो व कुटुंबातील एकाच व्यक्तीस त्याचा लाभ घेता येतो. त्यामुळे दाखला कोणत्या भावाच्या नावे करावयाचा, यावरून कुटुंबात तंटे उद्‌भवतात. वाटणीत जमिनीचे तुकडे तरी होतात. दाखल्याचे होत नाहीत.

दाखला म्हणजे नोकरीची हमी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००९ मध्ये जाहिरात व स्पर्धा यांवाचून प्रकल्पग्रस्तांना थेट नेमणूक देणे संविधानातील समान संधीच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. तेव्हापासून हा अग्रक्रम समांतर आरक्षणाच्या रूपात उरला असून दाखलाधारकाला अन्य दाखलाधारकांशी स्पर्धा करावी लागते. राउरकेला पोलाद प्रकल्पातील विस्थापितांच्या खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने, योग्य मोबदला दिला गेला असता प्रत्येक कुटुंबास नोकरी मिळण्याचा हक्क संविधानातून निघत नाही, असे म्हटले. जमीन घेतेवेळी अधिकाऱ्याने तोंडी दिलेल्या आश्वासनाचाही फारसा उपयोग होत नाही. शासनाचा करार संविधानाच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार विहित रीतीने झालेला असावा लागतो. दिलेल्या वचनापासून शासनास मागे फिरता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत खटल्यात (१९७९) मान्य केले असले, तरी संविधानाशी विसंगत वचनास ते लागू करता येत नाही.

खाजगी कारखान्यांच्या बाबतीत स्थिती अधिक दुबळी आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या धोरणानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के व इतर श्रेणींत ८० टक्के स्थानिक व्यक्ती नेमाव्यात, अशी अपेक्षा आहे. परंतु येथे स्थानिक म्हणजे राज्याचा रहिवासी. ज्याची जमीन वसाहतीत गेली तो शेतकरीच असे नव्हे. हरयाणाने असे बंधन अधिनियमाद्वारे घातले असता तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. शिवाय कारखान्याबरोबर अग्रक्रमही संपतो. तळेगाव येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या मोटार कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले व पुढे तो ह्युंदाई कंपनीकडे गेला. अशा वेळी नोकरी जाते. संपादित जमीन मात्र मूळ धन्याकडे परतत नाही.

आदिवासींची स्थिती : मावळात कातकरी, ठाकर व महादेव कोळी या जमातींची वस्ती आहे. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष दुर्बल म्हणून मान्य केलेली जमात असून तिच्यातील पुष्कळ कुटुंबे भूमिहीन आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर नाव नसलेल्याला प्रकल्पग्रस्त म्हणून सिद्ध होणे कठीण जाते. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील गावांपुरते मर्यादित असल्याने, त्या क्षेत्रातील स्थानिक आदिवासींसाठी असलेल्या भरतीविषयक विशेष तरतुदी मावळास लागू होत नाहीत. अनुसूचित क्षेत्रातही अग्रक्रमास मर्यादा आहे. आंध्र प्रदेशातील अशा क्षेत्रांत शिक्षकांची सर्व पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये रद्द केला.

अमेरिकेतील तुलना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मूळ रहिवाशांच्या जमातींना मर्यादित सार्वभौमत्व असून उन्मुक्तीचा लाभ खुद्द जमातीस मिळतो. १९८८ च्या संघीय अधिनियमान्वये अनेक जमाती आपल्या भूमीवर द्यूतगृहे चालवितात आणि त्यांतील नोकऱ्यांत जमातीच्या सदस्यांना अग्रक्रम देतात. १९६४ च्या नागरी हक्क अधिनियमाने ‘नियोक्ता’ या संज्ञेतून जमातींना वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मॅन्कारी खटल्यात असा अग्रक्रम वंशावर आधारलेला नसून राजकीय संबंधावर आधारलेला आहे, असे ठरविले. तर कायोवा (१९९८) व बे मिल्स (२०१४) या खटल्यांत जमातींची उन्मुक्ती त्यांच्या भूमीबाहेरील व्यापारी व्यवहारांनाही लागू केली. बे मिल्स खटला जमातीच्या भूमीबाहेर उघडलेल्या द्यूतगृहाविषयीचाच होता. नोकरी नाकारलेला उमेदवार वा कामावरून काढलेला कर्मचारी अशा द्यूतगृहाविरुद्ध सामान्य न्यायालयात सहसा जाऊ शकत नाही. त्याला जमातीच्या स्वतःच्या न्यायालयाकडे वा आयोगाकडे दाद मागावी लागते. महाराष्ट्रात द्यूतगृहांविषयीचा अधिनियम १९७६ मध्ये संमत झाला होता. परंतु तो कधीही अंमलात आणला गेला नाही व २०२३ मध्ये निरसित करण्यात आला.

मावळच्या दृष्टीने अधिक बोधप्रद असा खटला ॲरिझोनातील एका वीजकेंद्राविषयीचा आहे. नव्हाहो जमातीच्या भूमीवर बिगर-जमाती संस्थेने चालविलेल्या या केंद्राच्या भाडेपट्ट्यात नव्हाहोंना नोकरीत अग्रक्रम देण्याची अट होती. शेजारच्या होपी जमातीच्या एका उमेदवाराने ती पक्षपाती असल्याचा दावा केला. नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये दावा ऐकण्याजोगा मानला. परंतु २००२ मध्ये, नव्हाहो जमात हा आवश्यक पक्ष असून उन्मुक्तीमुळे तिला न्यायालयात आणता येत नाही, या कारणास्तव तो फेटाळला. येथे अग्रक्रम टिकला तो दोन गोष्टींमुळे : जमिनीची मालकी जमातीने सोडली नव्हती व अट भाडेपट्ट्यातच लिहिलेली होती.

मूल्यमापन : दोन्ही देशांतील अग्रक्रमांचा आधार जन्मस्थान वा वंश नसून भूमीशी असलेला विशिष्ट संबंध आहे, हे साम्य महत्त्वाचे आहे. भेद आहे तो सत्तेच्या स्थानाचा. अमेरिकेत अग्रक्रम देणारी जमात उन्मुक्त असल्याने अग्रक्रम बलवान, परंतु त्यातून अन्याय झालेल्या माणसास बाहेर दाद नाही. भारतात उन्मुक्ती राज्याकडे आहे आणि तीही क्षीण होत गेली आहे. शासकीय सेवेतील अग्रक्रमासंबंधी रिट अर्ज करता येतो. प्रकल्पग्रस्तासमोरील अडचण न्यायालयाचे दार बंद असण्याची नाही. आत गेल्यावर दाखविण्यासाठी त्याच्या हाती ठोस हक्क नसतो, ही ती अडचण आहे.

१ जानेवारी २०१४ पासून अंमलात आलेल्या भूमिसंपादनविषयक नव्या केंद्रीय अधिनियमाने ही उणीव अंशतः भरून काढली. प्रकल्पात रोजगार निर्माण होत असल्यास बाधित कुटुंबातील एकास नोकरी, अथवा एकरकमी पाच लाख रुपये, अथवा वीस वर्षेपर्यंत दरमहा किमान दोन हजार रुपयांचे वर्षासन, असे पर्याय त्यात आहेत. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे शेतमजूर व कुळे यांचाही समावेश होतो. त्यामुळे भूमिहीन कातकरी कुटुंबास वैधानिक स्थान मिळू शकते. तथापि नोकरी व रोख रक्कम यांत पर्याय ठेवल्याने नोकरी हा अपरिहार्य हक्क झालेला नाही. यापूर्वी घेतलेल्या जमिनींच्या बाबतीत, म्हणजे मावळातील बहुतेक प्रकल्पांच्या बाबतीत, प्रकल्पग्रस्तांच्या वारसांना आजही मुख्यत्वे दाखला व पाच टक्क्यांचे समांतर आरक्षण यांवरच विसंबून राहावे लागते. अग्रक्रम संपादनाच्या निवाड्यात वा करारात, कोणी, कोणास व किती मुदतीत नोकरी द्यावयाची हे नमूद करून लिहिला गेला, तरच तो न्यायालयात बजावता येण्याजोगा हक्क ठरू शकतो.