आरपीएम सोडा, रनआउट विचारा!

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्टचा बोर्ड घरी बनवलाय कधी? मग फेरिक क्लोराइडचे ते पिवळे डाग आठवत असतील. शर्टावरचे, मोरीतले... आणि आईची बोलणीही! आता कमावते झालात, खामगावच्या घरी टेबलावर छोटं सीएनसी मांडायचंय. छान! पण स्पिंडल कुठला घेणार?

दुकानदार आधी वॅट आणि आरपीएम ऐकवेल. तुम्ही रनआउट विचारा. म्हणजे फिरताना टूल मध्यापासून किती हलतं ते. फंडा सोपा आहे. ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं व्ही-बिट ०.१ मिमी खोल गेलं, की साधारण ०.१५ मिमीचा चर पडतो. त्यात ०.१ मिमी रनआउट मिसळला की चर झाला पाव मिलिमीटरचा. आयसीच्या दोन पायांमधून जाणारा बारीक ट्रॅक गेलाच म्हणून समजा. बारीक टूल मोडतं ते वेगळंच.

नुसत्या ताकदीवर काही अडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. जगभरच्या फॅब लॅबमध्ये बोर्ड कापून नाव कमावलेल्या रोलंड मोडेला एमडीएक्स-२०चा स्पिंडल किती? फक्त १० वॅट, ६,५०० आरपीएम! वेग कमी म्हणून टूल हळू चालवायचं, इतकंच.

मग घ्यायचं काय? स्वस्त ३०१८ मशीनवरची ७७५ मोटर शिकायला ठीक. मात्र तिच्या शाफ्टवर चढवलेला कोलेटचा जोड बहुतेकदा डुगडुगतो. ३०० ते ५०० वॅटचा, ईआर-११ कोलेटचा स्पिंडल त्याहून बरा. ८०० वॅटचा, व्हीएफडीवर २४,००० आरपीएमने फिरणारा वॉटर-कूल्ड स्पिंडल शांत चालतो, शेजारच्या काकूंची झोप मोडत नाही. घरच्या सिंगल-फेजवर चालणारे व्हीएफडी मिळतात, पण अर्थिंग पक्कं हवं. आणि छोट्या फ्रेमला त्याचं वजन पेलवेल का, हेही बघा.

स्पिंडल आला की ओळखीच्या लेथवाल्याकडून डायल गेज मागून आणा. कोलेटमध्ये सरळ पिन धरून स्पिंडल हाताने फिरवा. काटा ०.०२ मिमीच्या आसपास राहिला तर ठेवा, ०.१ दाखवला तर सरळ परत करा.

आणि हो, एफआर-४ बोर्डात काचेचे तंतू असतात. ती धूळ फुप्फुसात नको. मास्क, व्हॅक्यूम हवाच. जमलं तर कागदी एफआर-१ वापरा. डाग शर्टावरून निघतो, छातीतली काच नाही निघत!