चित्रंही वाचायची असतात

कसबा पेठेत तांबट आळीजवळ आमचं घर. बाहेर ठोके चालू असतात आणि आत माझी नात पुस्तक वाचते. अक्षरं तिला अजून येत नाहीत. तरी ‘वाचते’ असंच मी म्हणतो. हे मला माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी शिकवलं.

1952 साली जन्मलेल्या माधुरीताईंनी मुंबईच्या जे. जे.मध्ये आणि पुढे पॅरिसला चित्रकलेचं शिक्षण घेतलं, फ्रेंच शिकवलं, पिकासोवर लिहिलं. मुलांसाठी लिहिताना चित्रंही स्वतःच काढली. त्यामुळे त्यांचे शब्द थांबतात तिथून चित्र पुढं बोलतं. ‘राधाचं घर’मध्ये राधा घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच, उपदेश नाही. 2014 मध्ये साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला.

परवा नातीनं विचारलं, “दादाजान, यात आई आहे. अम्मी कुठंय?” क्षणभर मला उत्तर सुचेना. मग तिच्यापुढं कागद ठेवला. तिनं अम्मी काढली, दादी काढली, कोपऱ्यात चष्मा लावलेला मी. मग राधासारखीच एकेकाची ओळख करून देऊ लागली.

असं एक तरी पुस्तक प्रत्येक घरात असावं.