एक कोटी आणि दोनशे सातबारे

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना मूल लागते. हा धानाचा पट्टा; गावात राईस मिलचा धंदा मोठा. समजा, इथल्या एका बँक शाखेने एकाच मिलला एक कोटीचे कॅश क्रेडिट (सीसी) कर्ज मंजूर केले आणि दुसरीने दोनशे शेतकऱ्यांना प्रत्येकी ५० हजारांचे पीककर्ज वाटले. पहिलीकडे एक फाईल. दुसरीकडे दोनशे सातबारे, दोनशे सह्या-अंगठे आणि धान विकले गेले की दोनशे ठिकाणची वसुली. कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘प्रति कर्मचारी व्यवसाय’ काढताना मात्र दोन्हींच्या खाती एकच कोटी जमा होतो. जास्त माणसे लावली म्हणून दुसरी शाखा उलट मागे पडते.

१९६९ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा मोजमाप वेगळे होते. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने क्षेत्रनिहाय जबाबदारीची कल्पना मांडली, तिच्यातून अग्रणी बँक योजना आली. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हींची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. १९७७पासून तर बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची, तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडाव्या लागत. १९९०ला हा नियम गेला.

पुढच्याच वर्षी बँकिंग सुधारणा सुचवणारा नरसिंहम समितीचा अहवाल आला. सुधारणांची गरज होतीच. मार्च १९९३मध्ये सरकारी बँकांच्या कर्जांपैकी २३ टक्क्यांहून अधिक थकीत होती. २००४पर्यंत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आत आले. २०००-०१च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले, आणि प्रति कर्मचारी आकडे साहजिकच वर गेले.

कार्यक्षमता मोजायला अर्थतज्ज्ञांनी याहून बारीक साधने वापरली. फॅरेल यांनी १९५७मध्ये मांडलेल्या कल्पनेवर १९७८मध्ये एक गणिती पद्धत उभी राहिली: उत्तम बँकांची सीमारेषा आखायची आणि बाकीच्या तिच्यापासून किती मागे आहेत ते पाहायचे. माल्मक्विस्ट निर्देशांक पुढे जाऊन सांगतो, की बँकेने ती रेषा गाठत आणली की रेषाच पुढे सरकली. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांनी १९८६ ते १९९१मधील ७० भारतीय बँका सीमारेषेच्या पद्धतीने तपासल्या, तेव्हा सरकारी बँका सर्वांत कार्यक्षम ठरल्या. ‘सरकारी म्हणजे ढिसाळ’ हे गृहीत धरणाऱ्यांनी तो निष्कर्ष जरूर वाचावा.

पण बँकेचे उत्पादन म्हणून काय धरायचे, यावरच सगळे उत्तर ठरते. ठेवी आणि कर्जाची रक्कम धरली तर मिलवाली शाखा जिंकते. खाती आणि व्यवहारांची संख्या धरली तर पीककर्जवाली. गडचिरोलीत तेंदूपत्त्याची मजुरी, रोहयोचे पैसे, बचत गटांचे हप्ते हे सारे छोट्या रकमांचे व्यवहार. २००६पासून बँकमित्राची सोय झाली, तरी माणूस आणि अंतर यांचा खर्च उरतोच. तो खर्च अकार्यक्षमता म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे.

१ मे २०२५ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आणि कारभार छत्रपती संभाजीनगरच्या मुख्यालयातून सुरू झाला. या बँकेच्या गडचिरोलीतील शाखांचा आढावा आता तिथे होईल. त्या आढाव्याच्या तक्त्यात एकूण व्यवसायाच्या शेजारीच खात्यांची संख्या, सरासरी कर्जाची रक्कम आणि शाखेखालच्या गावांचे अंतर हे तीन रकाने हवेत.