नायक की नायिका? ऐतिहासिक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये क्वीअर प्रेमाची वाट कोण ठरवते

चित्रे, संवाद आणि अधूनमधून वाचकाने करायची निवड यांतून पुढे सरकणारी कथा म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल. जपानमध्ये वाढलेला हा प्रकार आज मोबाइलवर जगभर वाचला जातो, खेळला जातो. यात वाचक मुख्य पात्राच्या डोळ्यांनी जग पाहतो आणि त्याच पात्राच्या वतीने प्रेम करतो. त्यामुळे मुख्य पात्र स्त्री आहे की पुरुष, या एका निर्णयावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. कोणाशी प्रेम करता येईल, त्या प्रेमाला धोका कोणाचा असेल, त्याचा शेवट काय होईल, हे सारे त्यातून ठरत जाते. कथा इतिहासात घडत असेल तर त्या काळाचा कायदा आणि कुटुंबव्यवस्थाही या निर्णयाला येऊन चिकटतात. हे कसे घडते ते काही उदाहरणांतून समजून घेऊ.

वेश पुरुषाचा, वाट जुनीच

'हाकुओकी' हा खेळ २००८ साली जपानमध्ये आला. काळ शोगुनशाहीच्या अखेरचा, स्थळ क्योटो. चिझुरू नावाची मुलगी वडिलांच्या शोधात पुरुषाच्या वेशात निघते आणि शिनसेनगुमी या सामुराई दलात येऊन पोहोचते. पुरुषवेशातल्या व्यक्तीवर एखादा सामुराई जीव लावतो, ही कल्पनाच क्वीअर कथेचे दार उघडणारी आहे. पण हे दार लगेच बंद होते, कारण चिझुरू मुलगी असल्याचे दलाच्या प्रमुखांना सुरुवातीलाच कळते. तिच्यासमोरचे प्रेमाचे सगळे पर्याय पुरुषच आहेत.

याचे कारण बाजारात आहे. 'ओतोमे' प्रकारचे खेळ मुलींसाठी बनतात. त्यात नायिका स्त्री आणि तिचे प्रियकर पुरुष, हा साचा ठरलेला असतो. प्रत्यक्ष इतिहास मात्र इतका सरळ नव्हता. सामुराई समाजात पुरुषांमधील प्रेमाला 'नानशोकु' असे नावच होते. इहारा साइकाकू या लेखकाने १६८७ साली त्यावर कथासंग्रह लिहिला. शिनसेनगुमीतील अशाच आकर्षणावर नागिसा ओशिमा यांनी १९९९ साली 'गोहात्तो' हा चित्रपट काढला. म्हणजे त्याच दलाची गोष्ट पुरुषाच्या बाजूने सांगितली की क्वीअर प्रेम केंद्रस्थानी येते आणि स्त्रीच्या बाजूने सांगितली की ते दिसेनासे होते.

नायक पुरुष असेल तेव्हा

'हाशिहिमे ऑफ द ओल्ड बुक टाउन' हा २०१६ चा खेळ १९२२ च्या टोकियोत घडतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात राहणारा तामामोरी हा त्याचा नायक. मित्राचा मृत्यू टाळण्यासाठी तो पुन्हापुन्हा काळात मागे जातो. इथे प्रेम पुरुषापुरुषांतले आहे आणि ते कथेचा गाभा आहे. पण 'बॉइज लव्ह' या प्रकाराचाही एक साचा आहे. त्यात स्त्रिया बहुधा कडेला उभ्या राहतात.

शिवाय नानशोकुचा इतिहास गोड करून सांगण्यातही धोका आहे. ते नाते अनेकदा प्रौढ पुरुष आणि किशोर यांच्यातले होते, म्हणजे मुळातच विषम होते. परंपरेत सापडते म्हणून कोणतेही नाते समतेचे ठरत नाही. हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको.

स्त्रियांमधील प्रेमाच्या नोंदी त्या मानाने कमी सापडतात. नोबुको योशिया ही जपानी लेखिका आपल्या सहचरीबरोबर आयुष्यभर राहिली. लग्नाची सोय कायद्यात नव्हती, म्हणून १९५७ साली तिने सहचरीला कागदोपत्री दत्तक घेतले. नायिका स्त्री ठेवून तिचे स्त्रीवरचे प्रेम सांगायचे असेल, तर लेखकाला अशा आडवाटांनीच इतिहास शोधावा लागतो.

फास कोणाला, घुसमट कोणाची

'डिझायर अँड डेकोरम' या २०१८ च्या मोबाइल कथेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्लंड आहे. नायिका स्त्रीच आहे, पण तिला पुरुषांबरोबरच अ‍ॅनाबेल या स्त्रीवरही प्रेम करता येते. तिच्या वाटेत अडथळे आहेत ते वारसाहक्काचे, लग्नाचे आणि प्रतिष्ठेचे. आता त्याच काळात नायक पुरुष ठेवून पाहा. इंग्लंडमध्ये १८६१ पर्यंत पुरुषांमधील लैंगिक संबंधाला फाशीची शिक्षा होती. स्त्रियांवर तसा कायदा नव्हता. म्हणजे नायक पुरुष असता तर त्याच नृत्यसभेतली एक नजरभेट जिवावर बेतली असती.

'अ समर्स एंड : हाँगकाँग १९८६' हा २०२० चा खेळ हाच मुद्दा जवळच्या काळात आणतो. कार्यालयात नोकरी करणारी मिशेल आणि मनस्वी सॅम यांची ही प्रेमकथा. ब्रिटिशांच्या ताब्यातील हाँगकाँगमध्ये त्या वेळी पुरुषांचे समलिंगी संबंध गुन्हा होते. तो कायदा १९९१ साली हटला. मिशेलला तुरुंगाचे भय नाही. तिच्यापुढे आई आहे, लग्नाची अपेक्षा आहे आणि स्वतःच्या मनाला काय म्हणावे हा प्रश्न आहे. कायद्याने स्त्रीला सोडले, पण कुटुंबाने सोडले नाही.

या कायद्याचे आपल्याशी थेट नाते आहे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले कलम ३७७ त्याच मुळातून आले. प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

निवड दिली म्हणजे समता आली?

काही खेळ नायक की नायिका हे वाचकावरच सोडतात. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) हा व्हिज्युअल नॉव्हेल नाही, पण उदाहरण म्हणून बोलका आहे. प्राचीन ग्रीसमधल्या या खेळात अलेक्सिओस किंवा कसांड्रा, कोणीही निवडा. दोघांना स्त्री-पुरुष दोघांशी प्रेम करता येते. हे मोकळेपण सुखावणारे आहे. मात्र त्या समाजात स्त्री आणि पुरुषाला मिळणारे स्वातंत्र्य एकसारखे नव्हते, ही गोष्ट त्यात पुसट होते. पुढे २०१९ मधील जोडभागात तर नायकाला स्त्री जोडीदार, नायिकेला पुरुष जोडीदार आणि दोघांनाही मूल, असा शेवट लादला गेला. खेळाडूंनी आवाज उठवल्यावर निर्मात्यांना माफी मागावी लागली. निवडीचा हक्क दिला होता, पण घराण्याचा वारस हवा म्हणताच तो काढून घेतला गेला.

आम्ही हे का लिहितो?

खेळातल्या प्रेमाची चर्चा चळवळीच्या व्यासपीठावर कशाला, असे काहींना वाटेल. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हे त्याचे कारण होते. तेव्हा कर्वे यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, पण प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा हक्क कोणालाही नाकारता येत नाही, ही भूमिका आपल्याकडे राहिली.

आज आपल्यातली कितीतरी मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत, चित्रे काढत आहेत, कथा लिहीत आहेत. उद्या ती असे खेळ बनवतील. त्यांनी मुख्य पात्र ठरवतानाच तीन प्रश्न विचारावेत : या काळात या व्यक्तीला कायदा काय करू शकत होता? घर काय करू शकत होते? आणि तिची नोंद कोणी ठेवली, कोणी पुसली? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधली, तर नायक असो की नायिका, किंवा या दोन्ही चौकटींत न बसणारी व्यक्ती असो, तिचे प्रेम माणसाचे प्रेम म्हणून उभे राहील.