रानवाटेवरील पेटीचा शोध

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वी लष्करी कारणास्तव मुद्दाम त्रुटी ठेवलेली असे. त्यामुळे यंत्राने दाखविलेले ठिकाण प्रत्यक्षाहून शंभर मीटरपर्यंत चुकू शके. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयानुसार १ मे २००० च्या मध्यरात्री ही त्रुटी काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरली. तीत नोंदवही, पेन्सिल व काही किरकोळ वस्तू (त्यांत घेवड्याचा एक डबाही होता!) ठेवून त्यांनी त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग या छंदाचा आरंभ तो हाच. आता पेटी पुरण्यास मनाई आहे. ती दगडाआड वा झुडपात ठेवावी लागते.

विस्तीर्ण मुलखात पेट्या दूरदूर असतात. तेथे पुष्कळ शोधक एटीव्ही हे चारचाकी वाहन वापरतात. मोटारसायकलीसारखी बैठक, हातात धरावयाचा दांडा आणि कमी हवेचे रुंद टायर, असे त्याचे स्वरूप असते. यूटा राज्यातील पायूट मार्ग अशा वाहनांसाठी प्रसिद्ध आहे. त्याचे मुख्य वर्तुळ शेकडो किलोमीटरचे असून ते दहा हजार फुटांहून उंच चढते. वाटेतील गावांत वाहन थेट पेट्रोल पंपापर्यंत नेता येते. पेटीच्या वर्णनात भूभागाची कठीणता एक ते पाच ताऱ्यांनी दर्शविलेली असते. त्यावरून किती चढ चढावा लागेल याचा अंदाज येतो.

खरी अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. यंत्रावरील बाण पेटीची दिशा सरळ रेषेत दाखवितो; वाट मात्र ओढे-कडे टाळीत वळसे घेते. अंतर चारशे मीटरपर्यंत घटते आणि पुढच्या वळणावर पुन्हा वाढू लागते. अशा वेळी वाहन आडरानातून घालण्याचा मोह अनावर होतो. नवखा चालक येथेच चुकतो.

ही चूक साधी नव्हे. यूटाच्याच आग्नेय भागात, मोआबच्या परिसरात, वाळूवर काळपट, खडबडीत असा एक सजीव पापुद्रा असतो. नीलहरित जीवाणू, दगडफूल व शेवाळ यांनी तो बनलेला असतो. तो वाळू धरून ठेवतो आणि हवेतील नायट्रोजन जमिनीस मिळवून देतो. एका पावलानेही तो मोडतो आणि पूर्ववत होण्यास अनेक दशके लागू शकतात. शिवाय एका वाहनाची चाकोरी दिसली की मागून येणारा तिलाच वाट समजतो.

सार्वजनिक जमिनींवरील अशा वाहनांच्या नियंत्रणाचा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ मध्येच काढला होता. राष्ट्रीय वनांत कोणत्या वाटांवर वाहने न्यावीत हे ठरवून नकाशे प्रसिद्ध करण्याचा नियम २००५ साली झाला. शोधकाने निघण्यापूर्वी यंत्राइतकाच हा नकाशाही पाहावा. जाणता पेटी ठेवणारा वाहन उभे करण्याच्या जागेचेही अक्षांश-रेखांश देतो आणि पेटी तेथून उघड्या खडकावरून चालत जाता येईल अशी ठेवतो. मग बाणाचे न ऐकता वाटेनेच जावे, वाहन तेथे थांबवावे आणि उरलेले अंतर पायी तोडावे.

जेथे पेटी ठेवणेच योग्य नव्हे, तेथे २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार रूढ झाला आहे. त्यात पेटी नसते. शोधकाने त्या जागी जाऊन खडकाचे थर, रंग वा झीज यांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे पाठवावयाची असतात.